विश्लेषण : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची पाठ कशाने धरली होती?

मुरुडहून बाजाराला ज्या दापोलीत जावे लागते, तिला जुनी माणसे अजूनही कॅम्प म्हणतात. तिथे कधीकाळी ब्रिटिशांची छावणी होती. भारतातल्या अशा छावण्यांमध्ये गोरे सैनिक लढाईपेक्षा आजारानेच जास्त मरत. त्या मृत्यूंचा हिशेब मांडणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल लंडनमध्ये स्वतःच अंथरुणाला खिळलेल्या होत्या. गुरे, शेळ्या पाळणाऱ्या कोकणातल्या घरांनी त्यांचे ते दुखणे समजून घ्यायला हवे.

आजार कुठे जडला?

जन्म १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. मे १८५५ मध्ये क्रायमियात गेल्या असता तापाने फणफणल्या आणि मरता मरता वाचल्या. मायदेशी परतल्यावर १८५७ पासून ताप, धडधड, अशक्तपणा पुन्हा पुन्हा उलटू लागला. १८६१ च्या अखेरीस पाठीच्या कण्यात असह्य वेदना सुरू झाल्या. पुढची काही वर्षे त्यांना उचलून न्यावे लागे.

हे सोंग होते का?

तशी कुजबुज तेव्हाही होती आणि नंतरच्या चरित्रकारांनीही ती उचलली. बाईचे दुखणे मनाचे ठरवायला फार पुरावा लागत नाही. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टात मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत या तापाचा जंतू शोधला. तो शेळीच्या दुधातून येतो, हे थेमिस्टोक्लिस झामित यांनी १९०५ मध्ये दाखवले. नाइटिंगेल यांना ब्रुसेलोसिस व त्यातून मणक्यांचा दाह झाला असावा, हे डेव्हिड यंग यांनी मांडले ते थेट १९९५ मध्ये. रक्ततपासणी अर्थातच झालेली नव्हती, पण लक्षणे जुळतात.

याच अवस्थेत त्यांनी भारतातल्या छावण्यांची माहिती चाळली. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ दिसला. तो १८ वर आल्याचे त्यांनी १८७३ मध्ये मांडले. भारतात मात्र त्या कधीच आल्या नाहीत. उतारवयात पाठ बरीच सुधारली. १९१० मध्ये, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज काय लक्षात ठेवावे?

जंतू कच्च्या दुधातून येतो, तसाच गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी काढतानाही शिरतो. उकळलेल्या दुधाच्या चहाने काही होत नाही. चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम आणि कंबरदुखी असेल, तर घरात गुरे आहेत हे डॉक्टरांना न विचारता सांगा. एमआरआयमध्ये हा आजार मणक्याच्या क्षयासारखा भासू शकतो, औषधे मात्र वेगळी. नेमके निदान रक्ताच्या चाचण्यांतून किंवा मणक्यातील नमुना तपासून होते. मणक्यात शिरला असेल तर दोन-तीन प्रतिजैविके साधारण तीन महिने किंवा अधिक काळ घ्यावी लागतात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना एकदा टोचायची लस पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत दिली जाते.