अण्णांचे मोठे घर



२२ सप्टेंबर हा कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्मदिवस. थोर माणसांची माहिती लिहिताना आपण त्यांनी कोणत्या संस्था काढल्या तेवढेच लिहितो. पण मला या वेळी त्यांच्या घराविषयी लिहावेसे वाटले. सगळे लोक त्यांना अण्णा म्हणत. अण्णा म्हणजे घरातला मोठा, कर्ता माणूस. त्यांचे घर केवढे मोठे होते ते ऐका.

भाऊरावांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. वडिलांचे नाव पायगोंडा व आईचे नाव गंगाबाई. त्यांचे गाव ऐतवडे बुद्रुक, ते आता सांगली जिल्ह्यात आहे. घराणे जैन. भाऊराव लहानपणापासून अंगाने धिप्पाड नि स्वभावाने निर्भय. गावच्या विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी हकिकत सांगतात.

पुढे ते कोल्हापूरला शिकायला गेले. तेथे राजर्षी शाहू महाराजांचे काम त्यांनी जवळून पाहिले. पण बरं का, भाऊराव स्वतः मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत! पोटासाठी त्यांनी ओगले काच कारखान्याचे कंदील विकले, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. त्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. शेतकरी राब राब राबतो, पण लिहिता-वाचता येत नाही म्हणून सावकाराच्या कागदावर मुकाट्याने अंगठा उठवतो, हे त्यांनी पाहिले. कंदील विकणाऱ्या या माणसाला मग एकच ध्यास लागला, खेड्यातल्या घराघरात शिक्षणाचा उजेड न्यायचा.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळ्या जातिधर्मांची मुले तेथे एका छपराखाली राहू लागली. एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीत बसून जेवू लागली. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. १९२७ साली महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले.

आता लक्ष्मीबाईंविषयी सांगते. त्या अण्णांच्या पत्नी. माहेर खाऊनपिऊन सुखी. सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन वातावरणात त्या वाढलेल्या. पण बोर्डिंगातली मुले घरात आली तेव्हा त्यांनी जात विचारली नाही. कोणाला ताप आला तर उशाशी बसल्या, कोणी घरच्या आठवणीने रडले तर त्याला जवळ घेतले. मुले वाढली, खर्च वाढला. अण्णा धान्यासाठी गावोगाव फिरत. कोणी ज्वारी देई, कोणी भाजी, कोणी जळण. तरी कधी कधी पुरत नसे. लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने एकेक करून मुलांच्या जेवणासाठी गेले. शेवटी एकदा अण्णा बाहेरगावी असताना बोर्डिंगात धान्याचा कण उरला नाही. तेव्हा त्या माउलीने गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले नि मुलांच्या पोटात अन्न घातले.

हे वाचले तेव्हा मी माझ्या आईच्या गळ्याकडे पाहिले. आई अंघोळीला जातानासुद्धा मंगळसूत्र काढत नाही. लक्ष्मीबाईंना ते काढताना काय वाटले असेल?

१९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. ज्या घरासाठी त्यांनी सारे दिले त्याचा वटवृक्ष झालेला पाहायला त्या राहिल्या नाहीत. अण्णांनी मात्र बोर्डिंग बंद पडू दिले नाही. १९३५ साली त्यांनी प्राथमिक शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे मुले शेतात काम करीत नि शिकत. कमवा आणि शिका ही योजना ती हीच. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. वाड्यावस्त्यांवर शेकडो शाळा निघाल्या. गरीब शेतकऱ्याच्या घरातून आलेले बोर्डिंगातले एक विद्यार्थी पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. अण्णा मात्र शेवटपर्यंत खादीच्या जाड्याभरड्या कपड्यातच राहिले.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी. लिट. ही पदवी दिली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण केले. आणि त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले. हजारो मुले पोरकी झाली.

मित्रांनो, आता एक खरी गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते. गेल्या हंगामात ऊसतोड कामगारांची मुले आपल्या वर्गात आली होती. दुपारी खिचडी वाढताना ती एका कडेला बसत नि आम्ही दुसऱ्या कडेला. तसे बसा असे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. एकदा त्यांतली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली, तेव्हा मी माझे ताट बाजूला सरकवले. ती काही बोलली नाही. उठून गेली.

अण्णांच्या पंगतीला आता शंभर वर्षे झाली. आणि मी ताट सरकवले!

दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू होतील. पाले पडतील, ती मुले पुन्हा येतील. ती मुलगी आली तर या वेळी मीच माझे ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसणार आहे. तुम्हीही या. पंगत मोठी झाली तरच अण्णांची जयंती खरी साजरी होईल.

कर्मवीर अण्णांना आणि लक्ष्मीबाईंना माझे शतशः प्रणाम!

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी