श्रीगोरोबाकाका आणि मुलांचे वळण

आपल्या ज्ञातीचे भूषण श्रीसंत गोरोबा हे धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मडकी घडवीत हरिभजन करीत. संतमेळ्यात ते वडील. म्हणून सर्व संत त्यांस आदराने ‘काका’ म्हणत. मुक्ताबाईंच्या सूचनेवरून त्यांनी थापटण्याने संतांची मस्तके पारखली, अशी कथा आहे. इतर शांत राहिले. नामदेवांस अपमान वाटला व ते कच्चे मडके ठरले. पुढे विसोबा खेचरांस शरण जाऊन तेही पक्के झाले. काका शके १२३९ मध्ये (इ. स. १३१७) तेर येथेच समाधिस्थ झाले.

बंधुभगिनींनो, केवळ दटावून मूल नम्र होत नाही. मडक्यास आतून हाताचा आधार असेल, तरच बाहेरची थाप त्यास आकार देते. घरातील वृद्धांस आपण मान देऊ, तर तो पाहून मुलेही विनयशील होतील.