विश्लेषण : रुपया तोच, मग मजुरी कमी कशी होते? डॉ. आंबेडकरांनी १९२३मध्ये काय सांगितलं होतं?

दसरा-दिवाळी झाली की नारायणगडाच्या पंचक्रोशीसह बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. टनामागचा दर आधीच ठरलेला असतो. हंगामात ज्वारी आणि तेल महागलं, तर तेवढेच रुपये मिळूनही मजुरी घटलेली असते. हेच गणित डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शंभर वर्षांपूर्वी रुपयाच्या अभ्यासात मांडलं.

अर्थशास्त्रापर्यंतचा प्रवास

महू इथे १८९१मध्ये जन्मलेले आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स गाठलं. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं पुढच्याच वर्षी त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले. त्यात शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेली उसनवारी घालून १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३मध्ये त्यांना डीएस्सी मिळाली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

प्रबंधात काय होतं?

रुपया चांदीचा होता. १८७०च्या दशकापासून चांदी स्वस्त होत गेली आणि सोन्याच्या तुलनेत रुपया घसरला. १८९३मध्ये सरकारनं टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. पुढे रुपयाचा पौंडाशी असलेला दर सरकारनंच सांभाळायचा, अशी पद्धत रुळली. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९१३मध्ये तिचं समर्थन केलं होतं.

आंबेडकरांना ती मान्य नव्हती. सरकारनं किती रुपये पाडावेत, यावर त्यात पक्का लगाम नव्हता. नाणी वाढली की भाव चढतात आणि रुपयाची क्रयशक्ती, म्हणजे खरेदी करण्याची ताकद, घटते. घसरलेल्या रुपयामुळे निर्यातदाराला नफा होतो. पण भाव आधी वाढतात आणि मजुरी मागून वाढते. त्यामुळे त्या नफ्याची किंमत मजूर मोजतो, असं त्यांनी दाखवलं. मार्गदर्शक एडविन कॅनन यांना सगळं पटलं नव्हतं, तरी पुस्तकाची प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

पुढे काय झालं?

१९२५मध्ये चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांनी साक्ष दिली. मध्यवर्ती बँकेची शिफारस याच आयोगानं केली. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. तोवर आंबेडकर कायदा आणि राजकारणात पूर्ण उतरले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं.

विद्यार्थ्यांनी काय लक्षात ठेवावं?

पैशातली रक्कम आणि तिची वास्तव किंमत वेगळी असते. ठेवीवर ७ टक्के व्याज मिळालं आणि महागाई ६ टक्के असेल, तर वास्तव परतावा जेमतेम १ टक्का. मजुरीचंही तसंच. दर ५ टक्के वाढला आणि किराणा ८ टक्क्यांनी महागला, तर कोयता तेवढाच चालूनही घरात येणारं धान्य कमीच भरतं.