बहिऱ्या मुलाला उमगलेली ताऱ्यांची जोडी

दिवाळीनंतर आमच्या पिशोरला रात्री आकाश निरभ्र असते. ईशान्येला शर्मिष्ठेच्या खाली ययाती हा तारकासमूह वर येतो. त्यातला अल्गोल नावाचा तारा दर पावणेतीन दिवसांनी, म्हणजे थोडे अधिकच, मंद होतो आणि काही तासांत पुन्हा पहिल्यासारखा चमकतो. यामागचे कारण सुचवले ते १८ वर्षांच्या एका बहिऱ्या मुलाने.

जॉन गुडरिकचा जन्म १७६४ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनला झाला. वडील इंग्रज, आई डच. अगदी लहानपणी त्याची श्रवणशक्ती गेली. स्कार्लेट फिव्हर हे त्याचे कारण सांगितले जाते. घशात सुरू होणारा हा जिवाणूंचा आजार कानापर्यंत पोहोचला, तर ऐकू येणे कायमचे जाऊ शकते. आज पेनिसिलिनने तो बरा होतो. तेव्हा त्यावर औषधच नव्हते.

आईवडिलांनी मात्र मुलाला घरात बसवले नाही. एडिंबरोला थॉमस ब्रेडवुड यांच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत आणि नंतर वॉरिंग्टनच्या अकादमीत त्याला शिकवले.

शिक्षण संपवून तो यॉर्कला आला. तिथे एडवर्ड पिगॉट या खगोलप्रेमीशी त्याची मैत्री जमली. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री अल्गोल मंद झालेला त्याला दिसला. मग रात्रीमागून रात्री त्याने नुसत्या डोळ्यांनी त्याची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना केली आणि घड्याळ पाहून नोंदी ठेवल्या. काही महिन्यांतच हिशेब लागला: २ दिवस, २० तास, ४५ मिनिटे. आजच्या मोजणीपेक्षा हा आकडा अवघा ४ मिनिटांनी कमी आहे.

ताऱ्यावर डाग असावेत किंवा त्याच्याभोवती फिरणारा एखादा मोठा काळा गोल मध्ये येत असावा, अशा दोन शक्यता त्याने मांडल्या. रॉयल सोसायटीने १७८३ मध्ये त्याला कोप्ली पदक दिले. अल्गोलला खरोखरच जोडीदार तारा आहे, हे सिद्ध व्हायला मात्र १८८९ साल उजाडले.

एप्रिल १७८६ मध्ये गुडरिक रॉयल सोसायटीचा सदस्य निवडला गेला आणि चारच दिवसांनी गेला. वय २१. न्यूमोनियाने त्याचा बळी घेतला, असे मानतात.

आज कॅलिफोर्नियातील पालोमर वेधशाळेचा एक कॅमेरा उत्तरेकडचे आकाश पुन्हा पुन्हा टिपतो. त्या झ्विकी सर्वेक्षणाच्या नोंदी संगणकाने चाळल्यावर, अवघ्या ७ मिनिटांत एकमेकांभोवती फेरी मारणारी ताऱ्यांची जोडी सापडली. हा शोध २०१९ मध्ये जाहीर झाला. पद्धत गुडरिकचीच: प्रकाश किती वेळाने कमी होतो, ते मोजत राहायचे.

बाह्यरुग्ण विभागात कान वाहणारी मुले रोज येतात. आपोआप बरे होईल म्हणून बरेच पालक थांबलेले असतात. तसे थांबू नका. हाक मारल्यावर मूल वळत नसेल, तर लगेच तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत होते. आणि ऐकू येत नाही असे निघाले, तरी त्याची शाळा बंद करू नका.