नाताळकार्डाचा जनक : सर हेन्री कोल



आगमनकाळाला आज सुरुवात होत आहे. वेदीजवळच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली मेणबत्ती आज पेटली. घरोघरी गोठ्याची जुळवाजुळव सुरू झाली आहे, तरुण मंडळी कंदिलाच्या कामाला लागली आहेत आणि स्वयंपाकघरात फराळाचे बेत चालले आहेत. पूर्वी याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडायची. पोस्टमनची पिशवी फुगायची. आखाती देशांत, मुंबईत, परगावी असलेल्या नातलगांची कार्डे यायची आणि ओटीवर सुतळी बांधून ती ओळीने टांगली जायची. कोणाकडे किती कार्डे आली हे पाहुण्यांनाही लगेच दिसायचे. आज ती सुतळी बहुतेक घरांतून गेली आहे. धर्मगुरूनिवासातही कार्डे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच येतात.

ही प्रथा सुरू कशी झाली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तिच्या मागे एक माणूस होता. तो संत नव्हता, धर्मगुरू नव्हता. तो होता इंग्लंडमधला एक सरकारी नोकर. त्याचे नाव हेन्री कोल. या वर्षीच्या आगमनकाळात त्याच्या जीवनाकडे पाहावे असे मला वाटले.

हेन्री कोल यांचा जन्म १५ जुलै १८०८ रोजी इंग्लंडमधील बाथ या शहरात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. ख्राइस्ट्स हॉस्पिटल या धर्मादाय शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि पंधराव्या वर्षीच, १८२३ मध्ये, ते कारकून म्हणून कामाला लागले. काम होते सरकारी दफ्तरातील जुने कागद लावण्याचे आणि त्यांच्या नकला करण्याचे. देशाचा शेकडो वर्षांचा इतिहास ज्या कागदांत होता, ते कागद दमट खोल्यांत कुजत पडले होते आणि त्यांच्या नावाखाली पैसा मात्र भलतीकडे खर्च होत होता. तरुण कोल यांनी हा गैरकारभार उघडकीस आणला. परिणाम व्हायचा तोच झाला. १८३५ मध्ये त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. पुढच्याच वर्षी संसदेच्या समितीने चौकशी केली, कोल यांचे म्हणणे खरे ठरले, ते पुन्हा कामावर आले आणि १८३८ मध्ये या कागदपत्रांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापन झाले. खरे बोलल्याबद्दल ज्याची नोकरी गेली, त्याच्यामुळेच कार्यालय सुधारले.

याच काळात त्यांची मैत्री जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाशी होती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मिल यांचा उपयुक्ततावाद आम्हांला अभ्यासावा लागे. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख ज्यातून साधते ते कृत्य चांगले, असा त्या विचाराचा थोडक्यात आशय. ख्रिस्तसभेला हा विचार पुरेसा वाटत नाही, कारण माणसाचे मोल बेरीज-वजाबाकीने ठरत नाही, ते देवाने त्याला दिलेले आहे. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या विचाराच्या लोकांनी सामान्य माणसाच्या सोयीसाठी पुष्कळ काम केले. टपाल सुधारणा हे त्यांपैकीच एक.

त्या वेळच्या इंग्लंडमध्ये पत्र पाठवणे ही श्रीमंतांची चैन होती. पत्र किती दूर जाणार आणि त्यात किती कागद आहेत, यावर आकार ठरे. लंडनहून एडिनबरोला एका कागदाचे पत्र जायला एक शिलिंगाहून अधिक खर्च येई आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. शेतमजुराची आठवड्याची कमाई दहा शिलिंगांच्या आसपास होती. शहरात कामाला गेलेल्या मुलाचे पत्र दारात आले, तरी ते सोडवून घ्यायला गरीब आईजवळ पैसे नसत. दुसरीकडे संसद सदस्यांची पत्रे मात्र फुकट जात.

१८३७ मध्ये रोलंड हिल यांनी एक योजना मांडली : अंतर कितीही असो, अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एकच पेनी घ्यावी आणि ती पाठवणाऱ्याने आधीच भरावी. या योजनेच्या बाजूने लोकमत उभे करण्यासाठी लंडनच्या व्यापाऱ्यांनी एक समिती नेमली आणि हेन्री कोल तिचे चिटणीस झाले. त्यांनी एक प्रचारपत्र चालवले, चित्रे काढून लोकांना हिशेब समजावून दिला, संसदेकडे अर्ज पाठवण्याची मोहीम हाती घेतली. अखेर १० जानेवारी १८४० पासून पेनीचा दर देशभर लागू झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट निघाले. १८३९ मध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रे गेली होती. १८४० मध्ये ती सुमारे १६ कोटी ९० लाख झाली. हीच कल्पना पुढे आपल्याकडेही आली. १८५४ मध्ये हिंदुस्थानात अंतराचा विचार न करता अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले. मुंबईला नोकरीला गेलेल्या चाकरमान्याची खुशाली गावी कळू लागली ती या सोयीमुळे.

पण सोय झाली की तिच्या मागोमाग अडचणही येते. पत्रे स्वस्त झाली, तशी कोल यांच्या टेबलावर पत्रांची चळत वाढू लागली. नाताळात आणि नववर्षाला मित्रपरिवाराला पत्रे लिहिण्याची रीत होती आणि आलेल्या पत्राला उत्तर न देणे असभ्यपणाचे समजले जाई. कोल यांचा मित्रपरिवार मोठा, कामे अनेक, घरी मुलेबाळे. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहिणे अशक्य झाले. तेव्हा १८४३ मध्ये त्यांनी आपले चित्रकार मित्र जॉन कॅलकट हॉर्सली यांना एक चित्र काढायला सांगितले. ते दगडी छापावर छापून घेतले, हाताने रंगवून घेतले. वर नाव लिहायला जागा, खाली सही करायला जागा आणि मध्ये नाताळाच्या व नववर्षाच्या शुभेच्छा. हेच व्यापारी तत्त्वावर काढलेले जगातील पहिले नाताळकार्ड समजले जाते. कोल यांनी स्वतःपुरती कार्डे ठेवून उरलेली एक शिलिंगाला एक याप्रमाणे विक्रीला काढली. एका कार्डाच्या किमतीत बारा पत्रे जात होती, म्हणजे गरिबाच्या खिशाला ते परवडणारे नव्हतेच.

त्या कार्डावरचे चित्र मात्र आपण नीट पाहायला हवे. त्याचे तीन भाग आहेत. मध्ये एक कुटुंब जेवणाच्या मेजाभोवती बसले आहे : आजी-आजोबा, आईवडील, मुले. सगळ्यांच्या हातात द्राक्षरसाचे पेले आहेत आणि एका लहान मुलीलाही त्यातला घोट दिला जात आहे. यावरून दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या मंडळींनी त्या काळी बरीच टीका केली. या वादात बाजूची दोन चित्रे मागे पडली. एका बाजूला भुकेल्यांना अन्न दिले जात आहे आणि दुसऱ्या बाजूला उघड्यांना वस्त्र दिले जात आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाच्या दिवशी प्रभू ज्या गोष्टींचा हिशेब मागणार आहे, त्यांतल्याच या दोन. त्या पहिल्या कार्डावर बाळ येशू नाही, गोठा नाही, तारा नाही. पण ही दोन दयाकृत्ये आहेत. मधल्या मेजावरचा आनंद या दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेला आहे.

कार्डाची प्रथा लगेच पसरली नाही. रंगीत छपाई स्वस्त झाल्यावर आणि १८७० मध्ये अर्ध्या पेनीचा टपालदर आल्यावर ती घरोघर पोचली. तोवर कोल दुसऱ्या कामांत गढून गेले होते. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या आयोजकांत ते प्रमुख होते. सुमारे ६० लाख लोकांनी ते प्रदर्शन पाहिले. त्याच्या नफ्यातून साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेतली गेली आणि १८५७ मध्ये तेथे संग्रहालय उभे राहिले. आज ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय म्हणून ओळखले जाते. कोल त्याचे पहिले संचालक. दिवसभर राबणाऱ्या कामगाराला कलाकृती पाहता याव्यात म्हणून त्यांनी गॅसचे दिवे लावून संग्रहालय संध्याकाळी उघडे ठेवले आणि तेथे खाण्यापिण्याची सोय केली. याच संस्थेत काम केलेले जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला आले. नाताळाच्या खरेदीला क्रॉफर्ड मार्केटला जाल तेव्हा दर्शनी भागावरची कोरीव शिल्पे पाहा. ती किपलिंग यांची आहेत.

कोल यांचा स्वभाव हट्टी होता, त्यांना शत्रूही पुष्कळ होते. १८७३ मध्ये ते निवृत्त झाले, १८७५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि एप्रिल १८८२ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी आपल्या आजीला पाठवलेले ते पहिले कार्ड २००१ मध्ये लिलावात २२,५०० पौंडांना विकले गेले.

आज टपालाचाच काळ ओसरत चालला आहे. १९०४ मध्ये डेन्मार्कमधील एका टपाल कर्मचाऱ्याच्या कल्पनेतून नाताळाच्या पाकिटावर लावायची खास चिठ्ठी निघाली होती आणि तिच्या विक्रीतून क्षयरोगी मुलांसाठी पैसा उभा राहिला होता. त्याच डेन्मार्कमध्ये सरकारी टपालसेवेने चारशे वर्षांनंतर, २०२५ च्या अखेरीस, पत्रे वाटण्याचे काम थांबवले.

मग आपण मोबाईलला दोष द्यावा का? मला तसे वाटत नाही. कार्ड हीदेखील वेळ वाचवण्याचीच युक्ती होती. कोल यांच्या काळातल्या एखाद्या आजीबाईंना छापील कार्ड पाहून वाटले असेल की, नातवाला चार ओळी लिहायलाही सवड नाही. त्यामुळे मोबाईलवरून शुभेच्छा देणारा प्रेम करत नाही, असे म्हणता येणार नाही.

तरी एक फरक आहे आणि तो माझ्याच चुकीतून मला कळला. गेल्या नाताळात मी एकच संदेश एका झटक्यात माझ्याकडच्या सगळ्या क्रमांकांवर पाठवला आणि कर्तव्य पार पडले असे समजून झोपलो. जानेवारीत आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला गेलो असताना एका वृद्ध बहिणीच्या कपाटाच्या आरशात एक जुने, पिवळे पडलेले कार्ड खोचलेले दिसले. माझ्या आधीच्या एका धर्मगुरूंनी ते अनेक वर्षांपूर्वी त्यांना पाठवले होते. त्यांच्याकडे साधा फोनसुद्धा नाही. माझ्या शुभेच्छा शेकडो लोकांना गेल्या होत्या, पण ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीच शरमलो. जास्तीत जास्त लोकांचा हिशेब जमला होता आणि एक माणूस राहून गेले होते. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यातला मेंढपाळ नव्याण्णवांवर समाधान मानत नाही, हे मी दरवर्षी तुम्हांलाच सांगत असतो.

कार्ड लिहिताना निदान एकेक नाव आठवावे लागे, पत्ता शोधावा लागे, तेवढा वेळ तो माणूस आपल्या मनात राही. ती एका अर्थी छोटी प्रार्थनाच होती. ती टिकवण्यासाठी पोस्टाचे तिकीटच हवे असे नाही, पण नाव मात्र हवे.

म्हणून या आगमनकाळात माझी आपणा सर्वांना एक विनंती. आज मिस्सानंतर मंडपात कोरी कार्डे ठेवलेली आहेत. प्रत्येक कुटुंबाने तीन घ्यावीत. एक दूर राहणाऱ्या नातलगाला पोस्टाने पाठवावे. दुसरे, ज्याच्याशी बोलणे बंद आहे अशा शेजाऱ्याला किंवा भावाला. तिसरे आपल्या वाडीतील एकट्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला मुलांच्या हस्ते, स्वतः जाऊन द्यावे. आणि जाताना पहिल्या कार्डावरील ती बाजूची दोन चित्रे आठवून सोबत फराळाचे ताट किंवा एखादे ऊबदार वस्त्रही न्यावे. माझी तीन कार्डे मी काल रात्री लिहिली. त्यांपैकी एक त्या आरशासाठी आहे.

प्रभूच्या आगमनाची तयारी आपणा सर्वांना सुखाची जावो.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू