विश्लेषण : वालातून शुद्ध प्रथिन वेगळे काढणाऱ्या डॉ. कमला सोहोनी कोण होत्या?

मे १९३३ मध्ये देशाचे लक्ष येरवड्याकडे लागले होते. ८ मे रोजी महात्मा गांधींनी येरवडा कारागृहात २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्याच दिवशी त्यांची सुटका झाली आणि २९ मे रोजी येरवड्यातल्याच ‘पर्णकुटी’ बंगल्यात ते उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबईची एक तरुणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जाऊन सत्याग्रहाचा इशारा देणार होती. तिच्यासमोर होते संस्थेचे संचालक, नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. तिची मागणी एवढीच होती, प्रयोगशाळेत प्रवेश. ही तरुणी म्हणजे कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी.

प्रवेश का नाकारला?

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरचा. २०२३ मध्ये याच तारखेला गुगलने त्यांच्यावर डूडल केले होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, तेही याच बंगळुरूच्या संस्थेत शिकलेले. विदुषी लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी परीक्षेत पहिल्या आल्या. तरीही रामन यांनी त्यांचा अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती.

कमलाबाई थेट बंगळुरूला गेल्या आणि हटून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे, काम समाधानकारक वाटले तरच प्रवेश कायम. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचे आणि त्यांच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलाला अशा अटी घातल्या गेल्या असत्या का, याचे उत्तर सांगायची गरज नाही. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. कमलाबाई मात्र हा अपमान विसरल्या नाहीत. पुढे त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला.

बटाट्यात काय दिसले?

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी नोबेल मिळवणारे फ्रेडरिक हॉपकिन्स यांची ती प्रयोगशाळा. रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशींमध्ये ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन आढळले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉनची ने-आण हे त्याचे काम. १४ महिन्यांत, अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानातील पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, अशी त्यांची ओळख यामुळेच. (जानकी अम्माल यांना अमेरिकेतून १९३१ मध्येच डीएस्सी मिळाली होती, त्यामुळे ‘पहिली’ हा शब्द जपून वापरलेला बरा.)

वालाच्या दाण्याचे महत्त्व काय?

भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज आणि मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा असा त्यांचा प्रवास झाला. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईत विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात आल्या.

आपण खाल्लेली प्रथिने आतड्यात तोडण्याचे काम ट्रिप्सिन हे विकर, म्हणजे एन्झाइम करते. अनेक कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडवणारी प्रथिने असतात. शिजवल्यावर त्यांचा बराचसा भाग निकामी होतो. कच्चे कडधान्य नीट न पचण्याचे हे एक कारण. सोहोनी आणि त्यांचे सहकारी के. एस. आंबे यांनी वाल आणि डबल बी यांतून हे अडसर वेगळे काढले, तेही स्फटिकरूपात. हा शोधनिबंध १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. प्रथिन पुरेसे शुद्ध झाल्याशिवाय त्याचे असे स्फटिक सहसा होत नाहीत, म्हणून ही गोष्ट मोठी.

आज औषध संशोधनात हाच प्रश्न वेगळ्या विकरांबाबत विचारला जातो. ‘कायनेज’ नावाची विकरे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून पेशीतील कामे चालू-बंद करतात. माणसात ती ५०० हून अधिक आहेत. एखादे बटण चालूच राहिले की कर्करोग होऊ शकतो. रक्ताच्या एका कर्करोगावर २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले इमॅटिनिब अशाच एका कायनेजला अडवते. असे औषध तपासायला शुद्ध कायनेज लागते. त्यासाठी मानवी जनुक जिवाणूंत किंवा कीटकांच्या पेशींत घालून ते प्रथिन तयार करून घेतात आणि प्रयोगशाळेला ते गोठवलेल्या कुपीत विकत मिळते. सोहोनींनी कायनेजवर काम केले नव्हते. पण विकराला अडवणारे प्रथिन त्यांनी दाण्यातून वेगळे काढले.

नीरेचे काम का गाजले?

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेतील जीवनसत्त्वे आणि लोह तपासले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र अंतर्गत राजकारणामुळे काही वर्षे लांबले. भेसळ आणि ग्राहकहिताच्या प्रश्नांवरही त्या सक्रिय होत्या. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच वेळात त्यांचे निधन झाले.