काजळीतल्या गुन्हेगाराचा माग

धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये काजळीशी जोडला. पुढे 1915 मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर लावून कर्करोग घडवून दाखवला. पण डांबर म्हणजे असंख्य रसायनांची खिचडी. त्यातले घातक नेमके कोणते? या प्रश्नामागे सर अर्नेस्ट केनवे हात धुऊन लागले.

इंग्लंडमधील एक्झेटर येथे 1881 मध्ये जन्मलेले केनवे 1921 पासून लंडनच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेत होते. केवळ कार्बन आणि हायड्रोजन असलेले वायू तापवून त्यांनी कृत्रिम डांबर बनवले. त्यानेही उंदरांना कर्करोग झाला. म्हणजे गुन्हेगार हायड्रोकार्बनच, एवढे नक्की झाले.

अडचण होती वेळेची. प्रत्येक नमुना उंदरांच्या कातडीवर लावायचा आणि गाठ येते का याची महिनोन्‌महिने वाट पाहायची. तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ मेनॉर्ड यांच्या लक्षात आले, की अतिनील किरण टाकले की घातक डांबरे निळसर-जांभळी उजळतात आणि त्या उजेडात ठरावीक पट्टे दिसतात. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. सहकारी हीगर यांनी हा धागा पकडला. 1930 मध्ये प्रयोगशाळेत बनवलेले डायबेन्झअँथ्रासीन हे कर्करोग घडवणारे पहिले शुद्ध रसायन ठरले. पण त्याचे पट्टे डांबराच्या पट्ट्यांशी तंतोतंत जुळेनात. खरा धनी अजून सापडायचा होता.

मग दोन टन डांबरी राळ आणली गेली. ती गाळत, उकळत, स्फटिक करत प्रत्येक टप्प्यावर त्या पट्ट्यांचाच माग काढला गेला. 1933 मध्ये कुक, ह्यूएट आणि हीगर यांच्या हाती बेन्झोपायरीन लागले. दोन टनांतून जेमतेम काही ग्रॅम!

केनवे यांना पुढे कंपवाताने गाठले. तरीही 1946 च्या निवृत्तीनंतर पत्नी नीना यांच्यासह त्यांचे काम चालू राहिले. 1958 च्या पहिल्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

आज हाच शोध द्रव-क्रोमॅटोग्राफीचे यंत्र घेते. दाबाखाली नळीतून जाताना मिश्रणातली रसायने वेगळी होऊन एकामागोमाग बाहेर पडतात. तिथे अतिनील किरण टाकून प्रत्येकाचा उजेड मोजला जातो. धुरावलेल्या मांसासाठी युरोपीय संघाची बेन्झोपायरीनची मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दोन दशलक्षांश भाग आहे. इतके सूक्ष्म प्रमाणही या यंत्राच्या नजरेतून सुटत नाही.